विरजणाच्या चमच्यातलं गणित

बेळगावात शहापूरला आमची मावशी असते, तिची दर पावसाळ्यात एकच तक्रार, दूध तेच भांडं तेच पण आठ-दहा दिवसांत दही असं होतं की दात आंबतात. मग शेजारच्या कन्नड अक्कांकडनं ताजं हेप्पु म्हणजे विरजण आणायचं आणि पुन्हा पहिल्यापासनं सुरू. मावशी म्हणते तिन्हीसांजेला कुणाला तरी विरजण दिलं म्हणून बिघडलं. तसं अजिबात नसतं, दह्यातल्या जीवाणूंना तिन्हीसांज कळत नाही, आंबटपणा मात्र बरोबर कळतो.

दह्यात जीवाणू बरेच असतात, आपण मुख्य जोडी धरू. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, गोल मण्यांच्या माळेसारखा, आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस, काडीसारखा. काडीवाला दुधातल्या प्रोटीनचे तुकडे करतो ते मणीवाल्याला खायला मिळतात, मणीवाला फॉर्मिक ॲसिड आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यावर काडीवाला वाढतो. सुरुवातीला मणीवाला जोरात पळतो, पण आंबटपणा वाढला की तो आधी दमतो आणि काडीवाला पुढं आंबवत चालूच राहतो.

आता हिशोब. 50 चमचे दुधात 1 चमचा विरजण घातलं तर सकाळी पुन्हा तेवढीच दाटी व्हायला जीवाणूंना साधारण 50 पट व्हावं लागतं, म्हणजे जेमतेम 6 वेळा दुप्पट. समजा दही लागल्यावरही भांडं ओट्यावरच राहिलं आणि काडीवाला रोज एकदा जादा दुप्पट झाला. दुसऱ्या दिवशीचं विरजण त्याच दह्यातलं, म्हणून त्याचा वाटा मणीवाल्याच्या तुलनेत रोज दुप्पट, आणि 10 दिवसांत 1024 पट! मावशीचे आठ-दहा दिवस ते हेच.

खरं तर हा वाटा एवढा वाढत नाही, आणि मला सगळ्यात आवडतं ते इथंच आहे. अमेरिकेतले गणिती लोटका यांनी 1925 ला आणि इटलीतले गणिती व्होल्टेरा यांनी 1926 ला, वेगवेगळे बसून, अशी समीकरणं मांडली की एकाच्या वाढीच्या वेगात दुसऱ्याची संख्या गुणून येते, दुसरा त्याची शिकार करत असेल तर वजा, दुसऱ्यामुळं फायदा होत असेल तर अधिक. व्होल्टेरांपुढं प्रश्न ॲड्रियाटिक समुद्रातल्या माशांचा होता, पण तीच पद्धत वाढवून जीवाणूंना लावतात. आपल्या जोडीत मणीवाले कमी पडले की काडीवाल्याला मिळणारी मदत तुटते, त्याचाही वेग पडतो, म्हणून प्रमाण कुठंतरी येऊन थांबतं. समीकरणात मदत किती ते सांगणारा आकडा शून्य करून बघा, मणीवाला संपतोच.

दोन जातींना असे 4 आकडे लागतात, स्वतःवरचा परिणाम धरून. 100 जातींना 10,000. आपल्या आतड्यात तर शेकडो जाती, म्हणून एका गोळीनं सात दिवसांत पोटातले सगळे जीवाणू सुधारतात म्हणणाऱ्या जाहिरातींवर माझा विश्वास बसत नाही, एवढे आकडे कुणी मोजलेत?

मावशी आता दही नुकतं लागलं की, वरची साय बाजूला सारून, वाटीभर पुढच्या विरजणासाठी काढते आणि लगेच फ्रीजमधे ठेवते, तिथं दोघंही जवळजवळ थांबतात. तिसरा आठवडा चालू आहे, अक्कांकडं जावं लागलेलं नाही.