नर्सिंग होम आणि पुनर्वसन : कुटुंबीयांसाठी संज्ञा (बेळगाव सीमाभाग)

पक्षाघात, खुब्याच्या हाडाचा भंग, डोक्याला जबर मार किंवा मोठी शस्त्रक्रिया यांतून वाचलेल्या माणसाला पुढे महिनोन्‌महिने जी शुश्रूषा लागते, तिच्या व्यवहारातले शब्द. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांवर ते तीन भाषांतून येऊन आदळतात : डॉक्टरांचे इंग्रजी, कागदावरचे कन्नड आणि आयाबाईंची मराठी. संमतीपत्र, म्हणजे ‘ओप्पिगे पत्र’, कन्नडात असेल तर ते मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. आपल्याला कळणाऱ्या भाषेत माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे.

इकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे खाजगी लहान रुग्णालय. कर्नाटकात त्याची नोंदणी २००७ च्या खाजगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली होते. परदेशात राहणारा मुलगा फोनवर हाच शब्द वापरतो तेव्हा त्याच्या मनात वृद्धांना कायम ठेवून घेणारी संस्था असते. तसली सोय इकडे विरळा, आणि बरेच वृद्धाश्रम हिंडत्याफिरत्या माणसालाच घेतात. म्हणून अंथरुणाला खिळलेल्याचा भार बहुधा घरावर, त्यातही सुनेवर किंवा लेकीवर पडतो.

सर्वांत महत्त्वाचा भेद उपचार, पुनर्वसन आणि सांभाळ यांतला. आजार आटोक्यात आणणे हा उपचार. गेलेली शक्ती परत मिळवण्यासाठी ठरवून करून घेतलेला सराव म्हणजे पुनर्वसन. न्हाऊ घालणे, कपडे बदलणे, कुशीवर वळवणे, भरवणे हा सांभाळ. घरच्यांना तिन्ही एकच वाटतात, विमा कंपनीला वाटत नाहीत. आरोग्यविम्याच्या प्रमाणित अपवादांत विश्रांतीसाठीचे वास्तव्य, पुनर्वसन आणि सांभाळ यांचे कलमच आहे. पॉलिसीत वेगळी तरतूद नसेल तर हा खर्च पदरचा. ‘अजून आठ दिवस ठेवू या’ असे ठरवताना ते आठ दिवस यांपैकी कशासाठी, हे डॉक्टरांना थेट विचारावे.

पुनर्वसनात फिजिओथेरपी म्हणजे उठणे, बसणे, तोल, चालणे. ऑक्युपेशनल थेरपीत घास तोंडापर्यंत नेणे, बटण लावणे, संडासला जाणे यांचा सराव असतो. स्पीच थेरपिस्ट बोलण्याबरोबर गिळणेही तपासतो, आणि इथे घरच्यांनी फार जपले पाहिजे. अंगावरून वारं गेलेल्या माणसाला मायेने चमचाभर पाणी पाजले जाते. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. नाकातली नळी, म्हणजे रायल्स ट्यूब, त्यासाठीच असते. नळीतून अन्न देताना आणि नंतर निदान अर्धा तास डोक्याकडची बाजू उंच ठेवतात. कागदावर ‘बार्थेल’ दिसला तर तो रोजच्या दहा कामांवरचा ० ते १०० गुणांचा अंदाज होय. गुण जास्त तितके परावलंबन कमी.

लघवीच्या नळीला कॅथेटर म्हणतात. तिची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर असावी. बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब राहून पडणारी जखम, टाळण्यासाठी साधारण दर दोन तासांनी कूस बदलतात. एअरबेड घेतला तरी हे चुकत नाही. ‘सिस्टर’ ही हाक सगळ्यांनाच मारतात, पण जीएनएम आणि एएनएम या प्रशिक्षित परिचारिका, तर आया किंवा केअरटेकर ही सांभाळ करणारी. इंजेक्शन वा नळी बदलण्याचे काम आयाकडे देऊ नये.

‘डामा’ म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेणे. पैसे संपले म्हणूनही लोक या कागदावर सही करतात. त्याआधी सरकारी रुग्णालयात रेफर करता येईल का, हे विचारलेच पाहिजे. डिस्चार्ज समरी मात्र कोणत्याही स्थितीत हातात घ्यावी. ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द ऐकून घर खचते. त्याचा अर्थ उपचार सोडणे नव्हे. वेदना, धाप, उलटी यांना उतार देणारी ही शुश्रूषा इतर उपचारांच्या बरोबरीने चालू शकते.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. कर्नाटकची आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना वेगळी. अशा योजनांचा भर रुग्णालयातल्या ठरलेल्या उपचारांवर असतो. घरी ठेवलेल्या आयाचा पगार त्यांतून निघत नाही. अपंगत्व कायमचे राहिले तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचे ओळखपत्र, मिळते. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७.