रविवारच्या शिकारीचा प्रश्न : पेनसिल्व्हेनियातल्या दीडशे वर्षांच्या बंदीची पार्श्वभूमी

जुलै 2025 मध्ये पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शपिरो यांनी एका विधेयकावर सही केली आणि त्या राज्यात 1873 पासून चालत आलेली रविवारच्या शिकारीची बंदी कायद्यातून निघाली. कोणत्या रविवारी शिकार करू द्यायची, हे ठरवण्याचा अधिकार आता विधिमंडळाकडे नाही, तो राज्याच्या गेम कमिशनकडे, म्हणजे वन्यजीव आणि शिकारीचे नियम पाहणाऱ्या सरकारी मंडळाकडे, गेला आहे. कमिशनने लगेच त्या वर्षासाठी 14 सप्टेंबर ते 7 डिसेंबर या काळातले सगळे, म्हणजे 13 रविवार खुले केले.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हटलं की गुन्हाच आठवतो. त्यामुळे एखादं सरकार शिकारीचे दिवस वाढवण्यावर वर्षानुवर्षं चर्चा करतं, हे मराठी वाचकाला चमत्कारिक वाटेल. पण अमेरिकेत वन्यप्राण्यांचा सांभाळ मुख्यतः शिकाऱ्यांच्या पैशावर चालतो. रायफली, शॉटगन आणि काडतुसांवर 11 टक्के केंद्रीय अबकारी कर आहे आणि 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. त्याशिवाय परवान्याचं शुल्क असतं. पेनसिल्व्हेनियाच्या गेम कमिशनला राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून नेमाने अनुदान मिळत नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सुमारे 13 लाख परवाने विकले जात, पुढे तो आकडा 9 लाखांच्या खाली आला. रविवारची चर्चा जोर धरत गेली त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

बंदीचं मूळ मात्र प्राण्यांशी संबंधित नाही. पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन याच्या वसाहतीच्या 1682 च्या कायद्यातच आठवड्याचा पहिला दिवस विश्रांती आणि उपासनेचा म्हणून राखला होता. 1794 च्या कायद्याने त्या दिवशीचा धंदा, खेळ, शिकार आणि गोळीबार यांवर 4 डॉलर दंड बसवला. 1873 साली शिकारीचे नियम नव्याने बांधले गेले, तेव्हा रविवारची बंदी त्यात स्वतंत्रपणे आली आणि तिथेच रुतून बसली. बाकीची बंधनं एकेक करून सुटली. 1933 च्या कायद्याने रविवारच्या बेसबॉलला आणि फुटबॉलला वाट मिळाली, त्याच दशकात सिनेमा आणि मासेमारी सुटली. 1961 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रविवारबंदीचे कायदे घटनेला धरून आहेत असा निर्वाळा दिला होता, कारण सगळ्यांना एक समान सुट्टी मिळणं हा धर्माशी संबंध नसलेला हेतू असू शकतो. पण पेनसिल्व्हेनियाच्याच सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दुकानांवरची रविवारबंदी रद्द केली. त्यानंतर रविवारी दुकान उघडता येई, मासे पकडता येत, गोल्फ खेळता येई. शिकारीत मात्र कोल्हा, कायोटी (लांडग्याच्या कुळातला जंगली प्राणी) आणि कावळा एवढेच अपवाद होते. रविवारी कायोटीवर रायफल रोखणारा माणूस हरणावर ती रोखू शकत नव्हता. सुरक्षितता हेच बंदीचं कारण असतं, तर हा भेद टिकलाच नसता.

मग ती इतकी वर्षं टिकली कशी? धर्माचा रेटा ओसरल्यावर बंदीचे पाठीराखे बदलले. पेनसिल्व्हेनियातली बरीच शिकार खासगी जमिनीवर होते आणि शेतकऱ्यांच्या संघटनेचं, फार्म ब्युरोचं, म्हणणं होतं की आठवड्यातून एक दिवस तरी आमच्या बांधावर अनोळखी माणसं नकोत. पायवाटांवर हिंडणारे आणि घोडेस्वार सांगत की शरद ऋतूत निर्धास्त फिरायला हा एकच वार उरला आहे. शिकाऱ्यांमध्येही एकमत नव्हतं. रविवारी हरणांना विसावा मिळतो असं जुने लोक मानत, आणि जमीनमालक बिथरले तर इतर सहा दिवसांची परवानगीही जाईल अशी धास्ती होती. ही धास्ती खोटी नव्हती. रविवार मागणाऱ्यांनी सुरुवातीला तिच्याकडे दुर्लक्ष केलं, म्हणून त्यांचे प्रस्ताव वारंवार पडले. 2013 मध्ये काही शिकाऱ्यांनी संघटना करून केंद्रीय न्यायालयात दावा लावला, पण तोही फेटाळला गेला.

मागणीचं खरं बळ साध्या हिशोबात होतं. 1963 पासून रायफलीने हरणाच्या शिकारीचा हंगाम थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणानंतरच्या सोमवारी उघडे आणि दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी संपे. कॅलेंडरवर दोन आठवडे, शिकारीचे 12 दिवस. सोमवार ते शुक्रवार कारखान्यात किंवा शाळेत असणाऱ्याच्या वाट्याला त्यातले फक्त दोन शनिवार येत. ग्रामीण भागातल्या अनेक शाळा त्या पहिल्या सोमवारी सुट्टी देत, तरी एका शनिवारी पाऊस लागला की निम्मा हंगाम बुडाला. 2019 मध्ये कमिशनने हंगामाची सुरुवात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारवर आणली. आता त्याच हंगामात तीन शनिवार आणि दोन रविवार येतात. दोनाचे पाच दिवस होणं म्हणजे नोकरदार माणसाने परवाना घ्यायचा की नाही याचाच निकाल.

धनुष्यबाणाच्या हंगामात अडचण वेगळी होती. शनिवारी संध्याकाळी सोडलेला बाण हरणाच्या पोटात लागला, तर लगेच मागे जायचं नसतं. आठ ते बारा तास थांबावं लागतं, नाहीतर बिथरलेलं जनावर मैलभर पळतं, जखमेच्या तोंडाशी आतडं किंवा चरबी येऊन रक्ताचा माग तुटतो आणि ते कायमचं हरवतं. म्हणजे माग काढण्याची योग्य वेळ रविवारी सकाळी येई. आणि राज्याच्या कायद्यात ‘शिकार’ या शब्दात प्राण्याच्या मागावर जाणं, त्याला शोधणंही धरलेलं आहे. जनावर जिवंत सापडलं तरी दुसरा बाण सोडून त्याचे हाल थांबवणं रविवारी नियमात बसत नसे.

कोंडी फुटली ती नोव्हेंबर 2019 मध्ये. तत्कालीन गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी सही केलेल्या कायद्याने वर्षाला फक्त तीन रविवार दिले: एक धनुष्यबाणाच्या हंगामात, एक रायफलीच्या आणि तिसरा कमिशन ठरवेल तो. 2020 मध्ये ते 15, 22 आणि 29 नोव्हेंबरला आले. यातला 22 चा रविवार अस्वलासाठी होता. पण त्या कायद्याचा कणा दिवसांची संख्या नव्हती. रविवारी खासगी जमिनीवर जायचं तर जमीनमालकाची लेखी परवानगी जवळ हवी, ही अट त्यात आली. शिवाय शिकारीच्या वेळी केलेली घुसखोरी हा स्वतंत्रपणे कारवाई करता येईल असा गुन्हा ठरला. आधी वन्यजीव अधिकाऱ्याला दुसरा काही गुन्हा सापडल्याशिवाय त्यावर हात टाकता येत नसे. त्याच सुमारास जांभळ्या रंगाच्या खुणांचा कायदाही झाला: ‘प्रवेश बंद’च्या पाटीऐवजी जमीनमालकाने जांभळा रंग लावला तरी चालतो. झाडावर किंवा खांबावर किमान 8 इंच लांब आणि 1 इंच रुंद असा उभा पट्टा काढायचा, त्याचं खालचं टोक जमिनीपासून 3 ते 5 फुटांवर ठेवायचं आणि दोन पट्ट्यांत 100 फुटांपेक्षा जास्त अंतर ठेवायचं नाही. पाटी फाडून टाकता येते, रंग पुसता येत नाही. शेतकऱ्याला हातात धरता येईल असं काहीतरी मिळालं, तेव्हा विरोध मऊ झाला. मका आणि सोयाबीनमधला हरणांचा उपद्रव तर होताच. 2025 च्या विधेयकाला फार्म ब्युरोने पाठिंबा दिला आणि लेखी परवानगीची अट याही वेळी कायम राहिली. रविवार वाढवण्याची बाजू घेणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात ठेवायला हवा: मालकाचा हक्क आधी पक्का झाला, दिवस नंतर आले.

स्थलांतरित पक्ष्यांसाठी रविवार अजून बंद आहे. कारण केंद्राच्या नियमांत आहे. रविवारबंदी असलेल्या पूर्वेकडच्या काही राज्यांना ते बुडालेले दिवस हंगाम लांबवून भरून मिळतात. बदकांच्या 60 दिवसांच्या हंगामात सहा दिवसांचा आठवडा धरला तर 10 आठवडे होतात. रविवार खुला केला की तोच हंगाम साडेआठ आठवड्यांत संपतो. एकही दिवस वाढत नाही, म्हणून बदकवाल्यांनी बदल मागितला नाही.

पूर्वेकडच्या इतर राज्यांच्या वाटा निराळ्या. व्हर्जिनियाने 2014 मध्ये खासगी जमीन खुली केली, पण प्रार्थनास्थळापासून 200 यार्डांच्या आत शिकार नाही. सरकारी जमिनीला 2022 उजाडलं. नॉर्थ कॅरोलायनाने 2015 मध्ये परवानगी देताना बंदुकीच्या शिकारीसाठी सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेबारा ही वेळ वगळली. मेन आणि मॅसॅच्युसेट्स अजून ठाम आहेत. मेनच्या घटनेत 2021 मध्ये अन्नाच्या हक्काचं कलम आलं, त्याच्या आधारे तिथली बंदी न्यायालयात आव्हानली गेली, पण 2024 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली.

पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फियाच्या परिसरात बरीच मराठी कुटुंबं आहेत आणि ऑक्टोबरात पानांचे रंग पाहायला रविवारीच बाहेर पडतात. त्यांच्यासाठी बदल एवढाच की ‘रविवार म्हणजे बंदूक नाही’ ही समजूत आता सोडावी. राज्याच्या बहुतेक उद्यानांचा काही भाग शिकारीला खुला असतो आणि शिकारीची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते. राहत्या घरापासून 150 यार्डांच्या आत परवानगीशिवाय बंदुकीने शिकार करता येत नाही, धनुष्यासाठी हे अंतर 50 यार्ड आहे. रायफलीच्या हंगामात शिकाऱ्याने डोकं, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंच चमकदार केशरी रंग अंगावर घ्यायचा असतो. फिरायला जाणाऱ्यांनीही त्या दिवसांत केशरी टोपी आणि बंडी घालावी, कुत्र्याच्या गळ्यातही केशरी पट्टा बांधावा. लाल किंवा तपकिरी स्वेटर नोव्हेंबरच्या पानगळीत दिसत नाही. खुल्या रविवारांची यादी कमिशन दरवर्षी हंगामाबरोबर ठरवतं, तेव्हा मागच्या वर्षीच्या तारखांवर विसंबून निघू नये.