ठेका हाडापर्यंत पोचतो तेव्हा

"आता पन्नाशीत काय नाचायचं, पडलीस-बिडलीस तर हाड मोडेल." पाळी गेलेल्या बाईला हे किती सहज ऐकवलं जातं! आणि मला ते ऐकून राहवत नाही, कारण हाडाच्या बाजूने बघितलं तर गोष्ट बरोबर उलटी आहे.

आधी थोडं बेसिक. सलग 12 महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात. अंडाशयातली बीजं संपत आलेली असतात म्हणून इस्ट्रोजेन हे हार्मोन घसरतं. मग अंगातून वाफा येणं, झोप उडणं, चिडचिड हे सगळं बाईला कळतं, पण हाडांची झीज आवाज न करता चालू असते. शेवटच्या पाळीच्या आसपासची काही वर्षं मणक्याचं हाड वर्षाला साधारण 2 टक्क्यांनी कमी होऊ शकतं आणि दुखतखुपत काहीच नाही.

आता माझा आवडता भाग. हाड म्हणजे शाळेच्या लॅबमधल्या सापळ्यासारखी सुकी काठी नव्हे. त्यात ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड कुरतडतात आणि ऑस्टिओब्लास्ट तिथे नवीन भरतात, हे आयुष्यभर चालतं. इस्ट्रोजेन कुरतडणाऱ्यांना आवरून धरतं, ते कमी झालं की त्यांना मोकळं रान. पण कुठे भरायचं, कुठे नाही हे ठरवतं कोण? ऑस्टिओसाइट! या मुळात बांधणाऱ्याच पेशी, भिंत बांधता बांधता आतच चिणल्या गेलेल्या, आणि हाडातल्या 90 टक्क्यांहून जास्त पेशी याच असतात. त्यांचे लांब धागे एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) बारीक नळ्यांमधून एकमेकींना जाऊन भिडतात आणि त्या नळ्यांत द्रव भरलेला असतो. ठेक्यावर पाय जोरात पडला की हाड अगदी किंचित वाकतं, हजारात एक-दोन भाग, पण तेवढ्याने द्रव पिळला जाऊन नळ्यांतून सरकतो, धागे ओढले जातात आणि ऑस्टिओसाइटला कळतं की इथे भार पडतोय. मग ती स्क्लेरोस्टिन नावाचं प्रोटीन कमी सोडते. स्क्लेरोस्टिन म्हणजे बांधणाऱ्यांवरचा ब्रेक, तो सैल झाला की काम सुरू. हाच ब्रेक अडवणारं रोमोसोझुमॅब हे इंजेक्शन 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेही मेनोपॉजनंतर फ्रॅक्चरचा धोका जास्त असलेल्या बायकांसाठीच.

यातली मेख अशी की द्रव हलायला भार बदलता लागतो, नुसतं तासभर उभं राहून उपयोग नाही. आणि तोच भार तसाच पुन्हा पुन्हा आला तर काही डझन वेळांनंतर हाड दाद देईनासं होतं, मध्ये थांबलं की परत देतं, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. म्हणून मला नाच आवडतो! पाय आपटणं, गिरकी, बाजूला पाऊल, मध्येच थांबणं, दिशा सारखी बदलते. पोहणं हृदयाला छानच, पण पाण्यात शरीराचं वजन पाणीच पेलतं, हाडाला फारसा निरोप जात नाही.

"नाचा आणि हार्मोन्स बॅलन्स करा" असले फॉरवर्ड मात्र कृपया पुढे ढकलू नका. नाचून इस्ट्रोजेन परत येत नाही. अंगातल्या वाफा व्यायामाने कमी होतात याचाही पुरावा कच्चाच आहे. हाडाचा फायदासुद्धा माफक असतो, बहुतेक वेळा झीज मंदावते इतकंच. पण खुब्याची बहुतेक फ्रॅक्चर्स पडल्यामुळे होतात, त्यातही कुशीवर पडल्यामुळे, आणि नाचात एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन नेऊन सावरायची सवय होते. पडल्यावर मोडू नये यापेक्षा पडूच नये हे जास्त मोलाचं नाही का?

ज्यांना ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, आहे असं डेक्सा टेस्टमध्ये (हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत) निघालंय त्यांनी उड्या, कमरेत खोल वाकणं आणि झटक्याने पिळणं टाळायचं, डॉक्टरांना विचारूनच सुरू करायचं. खुर्चीची पाठ धरून, डावीकडे दोन पावलं, उजवीकडे दोन, टाच जमिनीवर जराशी वाजेल इतपत.