पार्श्वभूमी: ट्रंकेतल्या पांढऱ्या गोळ्या आणि पॅराडायक्लोरोबेंझिन

बडोद्याच्या मराठी घरांत पैठण्या, शालू, लोकरीचे कपडे ट्रंकेत ठेवताना पांढऱ्या गोळ्या टाकायची पद्धत जुनी आहे. सगळ्यांना सरसकट डांबरगोळ्या म्हणतात, पण या नावाखाली दोन वेगळी रसायने विकली जातात: नॅप्थलिन आणि पॅराडायक्लोरोबेंझिन. कसर दोन्हींनी दूर राहते. त्यांचे स्वभाव मात्र निराळे आहेत, आणि ते माहीत नसल्याने चांगली वस्त्रे वाया जातात.

बेंझिन १८२५ साली मायकेल फॅरडेने शोधले. लोखंडाच्या क्षाराच्या सान्निध्यात त्यात क्लोरिन सोडला की क्लोरोबेंझिन मिळते. क्लोरिन आणखी सोडला तर डायक्लोरोबेंझिन तयार होते. त्यातला ऑर्थो प्रकार द्रवरूप असतो, तर पॅरा प्रकाराचे स्फटिक वेगळे काढता येतात. पहिल्या महायुद्धात पिक्रिक आम्ल या स्फोटकासाठी क्लोरोबेंझिनचे कारखाने वाढले आणि पॅराडायक्लोरोबेंझिन जोडउत्पादन म्हणून साठत गेले. अमेरिकेत ते पीचच्या झाडांची खोडे पोखरणाऱ्या अळीवर वापरले गेले आणि मग कपड्यांच्या कपाटात शिरले.

त्याची खुबी अशी, की ते न वितळताच हळूहळू हवेत उडून जाते. वाफ हवेच्या सुमारे पाचपट जड असते, म्हणून गोळ्या तळाशी नव्हे, कपड्यांच्या वर ठेवायच्या.

हवेत उडून जाण्याचा हाच गुण ग्रंथालयांना उपयोगी पडला. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून बडोद्यात ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. जुन्या पोथ्या जपणाऱ्या प्राच्यविद्या मंदिराची स्थापना १९२७ची. वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती याच संस्थेतून १९७५ साली पूर्ण झाली. ताडपत्रे आणि हातकागद यांच्यावर किडे तुटून पडतात, तेव्हा असे संग्रह सांभाळणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. आधी वेखंड, कडुनिंबाचा पाला आणि घट्ट बांधलेले रुमाल यांवर भिस्त असे. पुढे देशभरच्या अभिलेखागारांत धुरी देण्याची बंद कपाटे आली. पोथीची पाने मोकळी करून आत मांडायची, बशीत पॅराडायक्लोरोबेंझिन ठेवायचे, दार लावून काही दिवस तसेच राहू द्यायचे. बुरशी असेल तर थायमॉल हे बुरशीनाशक. वाफेने किडे मरत, अंडी मात्र वाचू शकत, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा धुरी द्यावी लागे. दार उघडल्यावर तिचे संरक्षण संपलेच.

आज जतनाचे जाणकार हे रसायन टाळतात, आणि मला ते योग्य वाटते. त्याने काही प्लास्टिके मऊ पडतात, काही रंग बदलतात. त्याहून गंभीर प्रश्न माणसांचा: दिवसभर त्या वासात बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘मानवात कर्करोग निर्माण करण्याची शक्यता असलेल्या’ गटात ठेवले आहे. युरोपीय संघाने २०१४ साली शौचालये, घरे, कार्यालये यांतील सुगंधी गोळ्यांत त्याच्या वापरावर बंदी घालायचे ठरवले. नॅप्थलिन निर्धोक आहे असे मात्र नाही. जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी त्याने फुटू शकतात, म्हणून बाळंतविड्यात आणि दुपट्यांत या गोळ्या ठेवूच नयेत.

आपल्या घरात कोणती गोळी आहे हे ओळखणे सोपे आहे. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, कापूर तरंगतो. पाण्यात विरघळेल तितके मीठ घालून पाहा: नॅप्थलिन वर येते, पॅराडायक्लोरोबेंझिन तळाशीच राहते.

दोन्ही एकत्र मात्र कधीही टाकू नका. एकटे नॅप्थलिन ८० अंश सेल्सियसला वितळते, पॅराडायक्लोरोबेंझिन ५३ला, पण दोघांचे मिश्रण तिसाच्या आसपासच पाझरू लागते. बडोद्याचा मे महिना चाळिशी ओलांडतो. तेव्हा बंद ट्रंकेतल्या रेशमावर तेलकट डाग पडायला वेळ लागत नाही, आणि जरीच्या काठाजवळचा असा डाग धुवून काढणे फार अवघड. नव्या गोळ्या घालण्याआधी जुनीची शेवटची चकतीसुद्धा काढा, ट्रंक पुसा आणि साड्यांना सावलीत वारा द्या.