हॉलिवूडमधलं वर्णसंबंधांवरचं बंदीचं कलम : पार्श्वभूमी

जुन्या हॉलिवूडपटांत गोरे नटनट्या डोळ्यांचे कोपरे ताणून चिनी शेतकरी झालेले दिसतात. आज ते हास्यास्पद वाटतं, पण त्या काळी स्टुडिओंच्या टेबलावर गोऱ्या-काळ्यांच्या संबंधांबद्दल लेखी मनाई होती आणि तिचा धाक कागदावरच्या शब्दांपेक्षा बराच लांब पोचत होता.

१९१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सिनेमा हा निव्वळ धंदा ठरवला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण त्याला नाकारलं. त्याच वर्षी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेला तारणहार म्हणून मिरवणारा दिग्दर्शक ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ आला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या ‘एनएएसीपी’ने विरोध केला, तरी तो तुफान चालला आणि वर्ष संपायच्या आत जॉर्जियात क्लॅन पुन्हा उभी राहिली.

जागोजागची सेन्सॉर मंडळं आपापली कात्री चालवू लागली, तेव्हा निर्मात्यांनी स्वतःच नियम करायचं ठरवलं. १९२७ ची ‘काय दाखवायचं नाही’ याची यादी, १९३० ची ‘हेज संहिता’ (निर्मात्यांच्या संघटनेचे प्रमुख विल हेज यांच्या नावाची) आणि १९३४ पासून ती राबवणारं जोसेफ ब्रीन यांचं कार्यालय. त्यांच्या शिक्क्याशिवाय मोठ्या थिएटरांत चित्रपट लागत नसे. गोऱ्या आणि काळ्या वंशांतले लैंगिक संबंध दाखवायचे नाहीत, हे कलम त्यात गुप्तरोग आणि ‘विकृती’ यांच्या पंगतीत बसवलं होतं. नीतीच्या नावाखाली खरी काळजी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांमधून येणाऱ्या गल्ल्याची असावी. १९४७ मध्ये दक्षिणेतल्याच मेम्फिस शहराचे सेन्सॉरप्रमुख लॉइड बिनफर्ड यांनी ‘कर्ली’ हा मुलांचा चित्रपट अडवला, कारण काय, तर त्यात काळी आणि गोरी मुलं एका वर्गात बसलेली दिसतात!

कलम कसं ताणलं जाई, ते १९३४ च्या ‘इमिटेशन ऑफ लाइफ’च्या वेळी दिसलं. उजळ कातडीची एक कृष्णवर्णीय मुलगी स्वतःला गोरी म्हणवून घेते, असं त्यात कथानक. मिश्र प्रेमप्रसंग एकही नाही. तरी ब्रीन यांच्या कार्यालयाने हरकत घेतली: मुलगी इतकी उजळ, म्हणजे तिच्या पूर्वजांत कुठेतरी ‘तसा’ संबंध आलाच असणार. पडद्यावर न घडलेल्या, गुलामगिरीच्या काळात घडलेल्या गोष्टीचाही हिशेब मागणारी ही सेन्सॉरशिप.

कलमात आशियाई माणसांचं नाव नव्हतं, पण फटका त्यांनाही बसला. अ‍ॅना मे वाँग ही चिनी वंशाची नटी, लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेली. ‘द गुड अर्थ’ (१९३७) मध्ये चिनी नायक म्हणून गोरे पॉल म्युनी ठरले, मग त्यांची चिनी बायकोही गोरीच हवी. ती भूमिका लुइझ रायनरला मिळाली आणि तिने त्यासाठी ऑस्करही पटकावलं. वाँगच्या वाट्याला घर फोडणाऱ्या रखेलीचं काम येत होतं. चित्रपटातली एकमेव नकोशी बाई तेवढी चिनी रक्ताच्या नटीने करायची, हे तिला मान्य नव्हतं. तिने नकार दिला.

याच काळातली दुसरी नटी आपल्या मुंबईत जन्मलेली. मर्ल ओबेरॉन, जन्म १९११, मिश्र वंशाची. तिने जन्मस्थान टास्मानिया सांगितलं, ते आयुष्यभर निभावलं आणि ‘द डार्क एंजल’साठी (१९३५) सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्कर नामांकनापर्यंत पोचली. म्हणजे लॉस एंजेलिसची मुलगी परकी ठरली आणि मुंबईची मुलगी गोरी. ओबेरॉनला खोटारडी म्हणणं सोपं आहे. खरं बोलली असती तर नायिकेची कामं तिला कोणी दिली असती, असं मला वाटत नाही.

खुद्द कॅलिफोर्नियात गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांशी किंवा आशियाई माणसांशी लग्न करणं १९४८ पर्यंत बेकायदा होतं. संहितेतली मनाई १९५६ मध्ये निघाली. पुढच्याच वर्षी ‘आयलंड इन द सन’मध्ये कृष्णवर्णीय हॅरी बेलाफोंटे आणि गोऱ्या जोन फाँटेन यांची जोडी जमवली, पण दोघांचं चुंबन काही दाखवलं नाही. अशा लग्नांवरची बंदी तेव्हा अनेक राज्यांत कायम होती. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढली, त्या वेळीही १६ राज्यांत ती शिल्लक होती.