अपत्यवियोगाचा शोक : ख्रिस्ती श्रद्धेच्या परंपरेत

पोटचे मूल गमावलेल्या ख्रिस्ती आई-वडिलांचा शोक, त्या शोकाने देवावरील विश्वासापुढे उभे केलेले प्रश्न, आणि चर्चने दोन हजार वर्षांत त्याभोवती घडवलेली शिकवण, विधी व सोबतीच्या रीती हा या नोंदीचा विषय आहे. मूल म्हणजे येथे गर्भातच गेलेले बाळ, पाळण्यातले तान्हे, शाळकरी पोर किंवा स्वतःचा संसार असलेला मुलगाही. जुना करार ज्या हिब्रू भाषेत लिहिला गेला तिच्यात अपत्य गमावण्यासाठी स्वतंत्र क्रियापद आहे. धाकट्या बन्यामिनाला मिसर देशी धाडताना म्हातारा याकोब ते स्वतःविषयी लागोपाठ दोनदा वापरतो. याच याकोबाने लाडका मुलगा योसेफ मेला असे समजल्यावर मुलामुलींचे सांत्वन नाकारले होते आणि रडतरडतच अधोलोकी मुलाकडे जाईन, असे म्हटले होते.

पवित्र शास्त्रातील आई-वडील

प्रवचनांत सर्वांत जास्त सांगितली जाते ती दावीद राजाची गोष्ट. बथशेबेला झालेले बाळ आजारी पडल्यावर दावीद उपास करून जमिनीवर पडून राहिला. सातव्या दिवशी बाळ गेले. तेव्हा तो उठला, अंघोळ करून परमेश्वराच्या मंदिरात गेला आणि मग जेवला. चकित झालेल्या सेवकांना तो म्हणाला, मी त्याच्याकडे जाईन, पण तो माझ्याकडे परत येणार नाही. एवढ्यावर गोष्ट थांबवली की दावीद हा ‘सावरलेल्या’ विश्वासणाऱ्याचा नमुना ठरतो. पण त्याच दावीदाचा तरणाबांड मुलगा अबशालोम बापाविरुद्ध बंड करून लढाईत मारला गेला, तेव्हा राजा वेशीवरच्या खोलीत चढून जाताना मुलाचे नाव घेऊन आक्रोश करत होता. तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर किती बरे झाले असते, असे म्हणत होता. सेनापती यवाबाने त्याला खडसावले, कारण जिंकलेले सैन्य हरल्यासारखे चोरपावलांनी नगरात शिरत होते. माणूस एकच, श्रद्धा एकच, तरी दोन मुलांचा शोक दोन तऱ्हांचा. शास्त्र दोन्ही नोंदवते. त्यांतला एक योग्य आणि दुसरा अयोग्य असा निवाडा ते देत नाही.

रिस्पेची कथा उपासनेत क्वचितच वाचली जाते, आणि ही खरोखर उणीव आहे. इस्राएलचा आधीचा राजा शौल याच्या या उपपत्नीचे दोन मुलगे आणखी पाच जणांसह डोंगरावर फाशी दिले गेले. हंगामाच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत ती खडकावर गोणपाट अंथरून बसली. दिवसा पाखरांना आणि रात्री श्वापदांना तिने त्या देहांना शिवू दिले नाही. तिच्या तोंडी शास्त्रात एकही शब्द नाही. दावीद राजाच्या कानी ही गोष्ट गेली, तेव्हा त्याने अस्थी गोळा करून पुरवल्या.

नव्या करारात येशू नाईन गावच्या विधवेच्या एकुलत्या एका मुलाची तिरडी थांबवतो आणि याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला हाताला धरून ‘तलीथा कूम’ म्हणजे ‘मुली, ऊठ’ म्हणतो. मूल गमावलेल्या आई-वडिलांना हे उतारे ऐकणे अवघड जाते. आमच्या मुलीला का नाही उठवले, हा प्रश्न त्यांच्या मनात येणारच. शुभवर्तमाने त्या प्रश्नाला बगल देत नाहीत. बेथलेहेममधील दोन वर्षांच्या आतले मुलगे हेरोद राजाने मारले, तेव्हा शुभवर्तमानकार मत्तय यिर्मया संदेष्ट्याचे वचन आठवतो : राहेल (याकोबाची बायको) आपल्या मुलांसाठी रडत आहे आणि ती सांत्वन घेत नाही, कारण ती मुले नाहीत. यिर्मयाच्या पुस्तकात पुढच्याच वचनात परमेश्वर राहेलीला रडे आवरायला सांगून आशा देतो. मत्तय ते वचन घेत नाही. सांत्वनाच्या नकारावरच थांबतो. शिवाय इतर ठिकाणी तो ‘अमुक पूर्ण व्हावे म्हणून असे झाले’ असे लिहितो, इथे मात्र ‘तेव्हा पूर्ण झाले’ एवढेच म्हणतो. बालकांची हत्या देवाचा हेतू होती असे त्याला म्हणायचे नव्हते, असे अनेक भाष्यकार मानतात.

विलाप आणि आशा

स्तोत्रसंहितेतील सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. बहुतेकांचा शेवट स्तुतीकडे वळतो. ८८ वे स्तोत्र मात्र अंधारातच संपते. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, आणि देवाला उद्देशून आहे. वधस्तंभावर येशूने जे म्हटले, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, तो २२ व्या स्तोत्राचा आरंभ आहे. म्हणून ख्रिस्ती परंपरेत देवाकडे केलेली तक्रार हा अविश्वास ठरत नाही. तक्रार ज्याच्यापुढे करायची तो ऐकतो, हे त्यात गृहीतच असते.

थेस्सलनीकाच्या मंडळीला प्रेषित पौलाने लिहिले की ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा खेद तुम्ही करू नये. या वचनाचा अर्थ ‘खेद करूच नये’ असा लावला गेला आणि त्याने पुष्कळ घरांत अश्रू दाबले गेले. वाक्य नीट वाचले तर पौल आशाहीनतेविषयी बोलतो, रडण्याविषयी नाही. मित्र लाजराच्या कबरेपाशी येशूला आपण त्याला जिवंत करणार हे ठाऊक होते, आणि तरीही तो रडला. पुनरुत्थानाची खात्री अश्रूंच्या आड येत नाही, हे दाखवायला यापेक्षा थेट पुरावा शोधावा लागत नाही.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरची मुलगी माग्दालेना २० सप्टेंबर १५४२ रोजी तेरा वर्षांची असताना वारली. त्याआधी १५२८ मध्ये एलिझाबेथ आठ महिन्यांची होऊन गेली होती. माग्दालेना गेल्यावर काही दिवसांनी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात लूथर कबूल करतो की मुलगी सुखरूप प्रभूकडे गेली म्हणून आम्ही नवरा-बायकोने आभार मानायला हवेत, पण मायाच इतकी बळकट आहे की रडल्यावाचून ते जमत नाही. ख्रिस्ताच्या मरणाचे चिंतनही हे दुःख पुरते दूर करत नाही. श्रद्धेनेच तारण होते असे आयुष्यभर शिकवणाऱ्या माणसाची ही कबुली आहे.

हे देवाने का होऊ दिले?

शोकाबरोबर अपराधभाव येतो : आमच्याच कुठल्या पापाची ही शिक्षा आहे का? जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी ‘पाप याचे की आई-वडिलांचे?’ असे विचारले, तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले. शिलोहातील बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक दोषी नव्हते, हेही त्याने सांगितले.

देवाच्या इच्छेविषयी मात्र ख्रिस्ती पंथ एकमताचे नाहीत. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विनच्या परंपरेत कोणतीही घटना देवाच्या नियंत्रणाबाहेर नाही, आणि मूल कोणाच्या तरी हातात होते याचाच काही पालकांना आधार वाटतो. दुसऱ्या काहींना तीच शिकवण असह्य होते. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चचे पाळक विल्यम स्लोन कॉफिन यांचा तरुण मुलगा जानेवारी १९८३ मध्ये मोटार अपघातात गेला. थोड्याच दिवसांनी दिलेल्या प्रवचनात त्यांनी ही देवाची इच्छा होती हे म्हणणे ठामपणे फेटाळले; लाटांनी गाडी गिळली तेव्हा सर्वांआधी देवाचे हृदय फाटले, असे ते म्हणाले. जर्मन ईश्वरविद्यावेत्ते युर्गेन मोल्टमान यांनी १९७२ मध्ये मांडलेला विचार याच दिशेचा आहे : वधस्तंभावर पुत्र मरण सोसतो आणि पिता पुत्राचा मृत्यू सोसतो. म्हणजे अपत्यवियोग देवाला बाहेरून ठाऊक नाही.

मूल आता कुठे आहे?

या प्रश्नाच्या उत्तराने शतकानुशतके सांत्वन दिले आणि जखमाही केल्या. आदिपापाच्या, म्हणजे माणूस जन्मतःच पापाचा वारसा घेऊन येतो या, सिद्धान्तावरून प्राचीन चर्चचा ईश्वरविद्यावेत्ता ऑगस्टीन याने बाप्तिस्मा न झालेली बालके, सर्वांत सौम्य स्वरूपाच्या का होईना, शिक्षेस पात्र ठरवली. मध्ययुगीन पंडितांना हे कठोर वाटले, आणि दुःख नाही पण देवाचे दर्शनही नाही अशा ‘लिंबो’ या स्थितीची कल्पना रुजली. ती कधीच श्रद्धासिद्धान्त म्हणून घोषित झाली नाही, तरी लोकांच्या मनात पक्की बसली. त्यातून अनेक ठिकाणी बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना पवित्र केलेल्या दफनभूमीत जागा नाकारली गेली. आयर्लंडमध्ये अशा बाळांची वेगळी, चिन्हहीन दफनस्थळे आजही दाखवली जातात. फ्रान्समध्ये मृत जन्मलेले बाळ घेऊन आई-वडील ठरावीक देवळांत जात, क्षणभर तरी श्वास दिसावा आणि तेवढ्यात बाप्तिस्मा उरकावा म्हणून. चर्चच्या वरिष्ठांना ही प्रथा पसंत नव्हती. पण तीमागची तगमग शिकवणीनेच निर्माण केली होती, हे विसरता येत नाही.

लूथरने १५४२ मध्येच नैसर्गिक गर्भपात झालेल्या व मृत बाळ जन्मलेल्या स्त्रियांसाठी छोटे सांत्वनपर लेखन केले आणि आईचे न बोललेले उसासेही देव प्रार्थना म्हणून ऐकतो, असे सांगितले. नेदरलँड्समधील डॉर्टच्या कॅल्विनपंथी धर्मसभेने (१६१८–१९) बालपणी गेलेल्या मुलांच्या तारणाविषयी देवभीरू आई-वडिलांनी शंका बाळगू नये, असा ठराव केला. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात लिंबोचा उल्लेख नाही. अशा बालकांना चर्च देवाच्या दयेवर सोपवते, एवढेच त्यात आहे. २००७ मध्ये याच चर्चच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविद्या आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरण्यास भक्कम कारणे आहेत, असे म्हटले. आशा म्हटले, खात्री म्हटले नाही. ऐकणाऱ्या आईला हा फरक जाणवतो.

विधी

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्या लहान बालकांसाठी वेगळा अंत्यविधी आहे. त्यात पापक्षमेच्या याचना नाहीत, कारण क्षमा मागावी असे काही मुलाने केलेले नसते. कॅथलिक परंपरेत बालकाच्या अंत्यविधीला पांढरी वस्त्रे रूढ आहेत. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार आई-वडिलांचा बाप्तिस्मा देण्याचा विचार होता पण त्याआधीच मूल गेले, तर बिशपांच्या परवानगीने चर्चचा अंत्यविधी करता येतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांची रीत पंथागणिक बदलते. मृतजन्म आणि गर्भपात यांसाठी मात्र बराच काळ कुठलीच प्रार्थना नव्हती. बाळाला नाव देऊन त्याला देवाच्या हाती सोपवण्याच्या उपासना गेल्या काही दशकांत तयार झाल्या. अनेक वर्षांपूर्वीच्या, कोणाला न सांगितलेल्या बाळाचे नाव अशा उपासनेत पहिल्यांदा उच्चारणाऱ्या म्हाताऱ्या स्त्रियाही असतात.

पश्चिमेकडील चर्च २८ डिसेंबरला, नाताळच्या ऐन आनंदात, बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचा सण पाळते. १५ सप्टेंबर हा दुःखी मातेचा, म्हणजे येशूची आई मरीया हिचा, स्मृतिदिन. मायकेलअँजेलोने १४९८–९९ मध्ये घडवलेल्या ‘पिएता’ शिल्पात मरीयेच्या मांडीवर प्रौढ मुलाचा देह आहे. हातांतून मूल निघून गेलेल्या कित्येक मातांना प्रार्थनेसाठी शब्द सुचत नाहीत, तेव्हा त्या या प्रतिमेपुढे नुसत्या बसतात.

सोबत

‘देवाला आणखी एक देवदूत हवा होता’ हे वाक्य मायेने उच्चारले जाते. ते शिकवणीला धरूनही नाही; माणसे मरून देवदूत होतात असे ख्रिस्ती धर्म मानत नाही, आणि मुले हिरावून घेणारा देव शोकग्रस्तांना भीतीदायक वाटतो. ‘देव झेपेल तेवढेच देतो’ हेही शास्त्रवचन म्हणून सांगितले जाते. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातील मूळ वचन मोहाविषयी, परीक्षेविषयी आहे. ‘दुसरे होईल’ याला तर उत्तरच नसते. जुन्या करारातील ईयोबाने आपली सर्व मुले आणि संपत्ती गमावली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर चांगले सोबती होते. बोलायला लागल्यावर ते चुकले, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावर झाला, ईयोबावर नाही.

१९६८ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या एका रुग्णालयात दोन मुलगे काही दिवसांच्या अंतराने वारले. तेथील तरुण धर्मोपदेशक सायमन स्टीफन्स यांच्या लक्षात आले की आपण जे देऊ शकत नाही ते ही दोन दांपत्ये एकमेकांना देत आहेत. त्यातून १९६९ मध्ये ‘द कंपॅशनेट फ्रेंड्स’ ही शोकग्रस्त पालकांची संघटना उभी राहिली. ती कोणत्याही धर्माची नाही आणि अनेक देशांत पसरली आहे. आपल्या शब्दांची मर्यादा ओळखून बाजूला होणे, हे त्या धर्मोपदेशकाचे मोठे काम म्हटले पाहिजे.

श्रद्धेचे पुढे काय होते, याला एकच उत्तर नाही. काहींची श्रद्धा खोल जाते, काहींची तुटते, पुष्कळांची वर्षानुवर्षे मुकी राहते : ते चर्चमध्ये येतात, पण गीताला उभे राहून गात नाहीत, दुसऱ्याच्या बाळाचा बाप्तिस्मा असला की मागच्या दाराने निघून जातात. देवाने टाकले, शिक्षा केली ही भावना टिकून राहिली तर शोक अधिक जड होतो, असे श्रद्धा आणि दुःख यांच्या मानसशास्त्रीय अभ्यासांत वारंवार दिसले आहे. प्रदीर्घ शोकाचा विकार आता वैद्यकशास्त्रातही मान्य आहे. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे हा विश्वासाचा पराभव मानणारे पाळक अजून आढळतात, आणि त्यांच्या या मताने माणसांचे नुकसान होते.

‘तुम्हाला मुले किती?’ हा साधा प्रश्न या पालकांना अडवतो. गेलेले मोजले तर समोरचा ओशाळतो. न मोजले तर मुलाला नाकारल्यासारखे वाटते. ईयोबाच्या पुस्तकात याचा एक धागा आहे. आरंभी त्याच्याजवळ ७,००० मेंढरे, ३,००० उंट, ५०० बैलजोड्या आणि ५०० गाढवी होत्या. शेवटी देव सर्व दुप्पट देतो : १४,००० मेंढरे, ६,००० उंट, १,००० जोड्या, १,००० गाढवी. मुले मात्र आधी सात मुलगे व तीन मुली, आणि नंतरही सात मुलगे व तीन मुली. जुन्या काळापासून काही वाचकांनी या हिशेबाचा अर्थ असा लावला की मेंढरे गेली ती गेली, म्हणून ती दुप्पट द्यावी लागली. पहिली दहा मुले देवाजवळ आहेत, म्हणून ईयोबाची मुले वीस.