रांगेतून उभी राहिलेली कंपनी: नॉट्स बेरी फार्मची पार्श्वभूमी

१ जुलै २०२४ रोजी सीडर फेअर आणि सिक्स फ्लॅग्ज या अमेरिकेतल्या दोन बड्या मनोरंजन कंपन्या एकत्र आल्या. त्यांच्या तेव्हाच्या चाळीसहून अधिक उद्यानांमध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्युएना पार्कचं ‘नॉट्स बेरी फार्म’ही आहे. थीम पार्क सहसा आधी कागदावर आखलं जातं, भांडवल जमतं आणि मग बांधकाम सुरू होतं. नॉट्सचं सगळं उलट झालं. इथे आधी शेत होतं, मग खाणावळ आली, आणि जेवणासाठी ताटकळणाऱ्या माणसांचं काय करायचं या प्रश्नातून उद्यान वाढत गेलं.

हे शेत उभं करणाऱ्या वॉल्टर नॉट यांनी त्याआधी मोहावी वाळवंटात जमीन कसून पाहिली होती, पण पदरात काही पडलं नव्हतं. १९२० साली नात्यातल्या एका भावाला भागीदार करून त्यांनी ब्युएना पार्कमध्ये वीस एकर जमीन खंडाने घेतली, बेरीची लागवड केली आणि माल रस्त्याकडेलाच विकायला सुरुवात केली. पुढे अमेरिकी कृषी खात्यातले जॉर्ज डॅरो एका मोठ्या फळाच्या बेरीचा माग काढत त्यांच्यापर्यंत पोचले. अनाहाइम शहराच्या उद्यानांचे अधीक्षक रुडॉल्फ बॉयसन यांनी ती संकरातून तयार केली होती, पण प्रयोग अर्धवट सोडून दिला होता. बॉयसन यांच्या जुन्या शेतावर तणात गुरफटलेले, मरणपंथाला लागलेले मोजके वेल तेवढे उरले होते. नॉट यांनी ते आपल्या शेतात आणून जगवले. १९३२ पासून फळ विक्रीला आलं, आणि त्याला नाव मिळालं बॉयसनबेरी. स्वतःचं नाव देणं सहज शक्य असताना त्यांनी मूळ माणसाचं नाव दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

तरी उद्यानाचं खरं श्रेय द्यायचं तर ते वॉल्टर यांच्या पत्नी कॉर्डेलिया नॉट यांना. जॅम, पाय (फळांचं सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि बिस्किटांची (मऊ अमेरिकी पावांची) त्यांची छोटी टी-रूम चालू होतीच. १९३४ च्या जूनमध्ये, ऐन मंदीत, घरखर्चाला हातभार म्हणून त्यांनी आठ गिऱ्हाइकांना तळलेल्या कोंबडीचं जेवण वाढलं. ताटल्या त्यांच्या लग्नातल्या चिनी मातीच्या, आणि दर ६५ सेंट. सोबत कुस्करलेला बटाटा, ग्रेव्ही, भाजी, गरम बिस्किटं आणि शेवटी बेरीचा पाय. चव तोंडोतोंडी पसरली. काही वर्षांतच रविवारी हजारोंनी माणसं येऊ लागली आणि नंबर लागायला तासन्‌तास थांबावं लागू लागलं.

कंटाळलेलं गिऱ्हाईक निघून जातं, हे वॉल्टर ओळखून होते. म्हणून त्यांनी आवारात कृत्रिम धबधबा केला, छोटासा नकली ज्वालामुखी उभारला. १९४० पासून मात्र कामाला वेगळंच वळण लागलं. त्यांची आजी १८६८ साली छत घातलेल्या घोडागाडीतून टेक्सासहून कॅलिफोर्नियात आली होती. त्या पिढीच्या कष्टांची आठवण म्हणून त्यांनी ‘घोस्ट टाउन’, म्हणजे ओस पडलेल्या जुन्या गावाचा देखावा, बांधायला घेतलं. चित्रकार पॉल फॉन क्लीबेन यांनी त्याला रूप दिलं. ओस पडलेल्या खाणवस्त्यांमधून खऱ्या जुन्या इमारती आणि सामान आणलं गेलं. अ‍ॅरिझोनातलं एक जुनं हॉटेलही इथे येऊन वसलं. १९५१ मध्ये तर त्यांनी कॅलिको ही चांदीच्या खाणीची उजाड वस्तीच विकत घेऊन तिची डागडुजी केली, आणि १९६६ मध्ये ती सान बर्नार्डिनो काउंटीला देऊन टाकली. नुसत्या धंद्याच्या हिशोबाने पाहिलं तर याचा अर्थ लागत नाही. त्या माणसाला जुन्या काळाची खरोखर ओढ होती.

१९५५ साली जवळच्याच अनाहाइममध्ये डिस्नेलँड उघडलं. नॉट कुटुंबाला धास्ती वाटणं साहजिक होतं, पण डिस्नेलँडसाठी लांबून येणारी कुटुंबं इकडेही वळू लागली आणि गर्दी उलट वाढली. पाळण्यांच्या बाबतीत नॉट्सला पुढे नेलं ते बड हर्लबट यांनी. ते कंपनीचे नोकर नव्हते. स्वतःचा पैसा घालून पाळणे बांधायचे आणि उत्पन्नात वाटा द्यायचे. १९६० मधल्या त्यांच्या ‘कॅलिको माइन राइड’मध्ये रांग डोंगराच्या देखाव्यातून अशी फिरवली होती की ती किती लांब आहे हे बाहेरून कळूच नये. थांबणाऱ्यालाही काहीतरी बघायला मिळावं, हा विचार कोंबडीच्या जेवणापासून चालत आलेला होता. १९६९ मध्ये त्यांचाच ओंडक्यांचा जलपाळणा सुरू झाला. दोन्ही आजही चालू आहेत.

तोवर एक मोठा बदल होऊन गेला होता. १९६८ पर्यंत आवारात कुणीही फुकट फिरू शकत असे, पैसे फक्त खाण्याचे, खरेदीचे आणि पाळण्यांचे. त्या वर्षी कुंपण पडलं आणि तिकीट आलं: मोठ्यांना एक डॉलर, मुलांना २५ सेंट. शेतावरची खाणावळ अधिकृतपणे थीम पार्क झाली ती इथे, असं मी मानतो. त्यानंतर पावलं भराभर पडली. १९७३ मध्ये हॅलोविनच्या भयरात्री, १९७५ मध्ये माणसाला उलटं फिरवणारा आधुनिक काळातला पहिला रोलर कोस्टर ‘कॉर्कस्क्रू’, १९८३ मध्ये ‘पीनट्स’ या चित्रमालिकेतल्या स्नूपी कुत्र्याच्या नावाने मुलांसाठी ‘कॅम्प स्नूपी’.

कॉर्डेलिया १९७४ मध्ये गेल्या, वॉल्टर १९८१ मध्ये. मुलांनी कारभार पुढे चालवला, पण नव्वदच्या दशकात कुटुंबाने विक्रीचा निर्णय घेतला. १९९५ मध्ये जॅमचा ब्रँड कॉनअ‍ॅग्रा या खाद्यपदार्थांच्या कंपनीकडे गेला आणि २००८ मध्ये तिथून स्मकर्स या दुसऱ्या कंपनीकडे. उद्यान १९९७ मध्ये सीडर फेअरने घेतलं. फळ आणि उद्यान यांचे मालक वेगळे झाले, ही ताटातूट मला अजूनही खटकते. सीडर फेअरचा मात्र दुहेरी फायदा झाला. कॅलिफोर्नियात पाय रोवता आला, आणि स्नूपी व त्याची मित्रमंडळी पुढे त्यांच्या इतर उद्यानांतही दिसू लागली.

नव्या मालकांनी सुरुवातीला भर दिला तो उंच, वेगवान कोस्टरवर. मग २०१३-१४ च्या सुमारास हर्लबट यांच्या दोन्ही जुन्या पाळण्यांची नीट दुरुस्ती झाली आणि दर वसंतात बॉयसनबेरीचा महोत्सव भरू लागला. कॉर्डेलिया यांच्या नावाचं रेस्टॉरंट आजही चालू आहे. ते कुंपणाबाहेर असल्यामुळे तिथे जेवायला उद्यानाचं तिकीट काढावं लागत नाही.